नाशिकला वायनरी टूरला जाताय? कधी जावं, किती फिरावं, परत कसं यावं?

युरोपात द्राक्षतोडणी उन्हाळा संपता संपता होते, नाशिकमध्ये मात्र जानेवारी ते मार्च. असं का?

कारण छाटणी. इथे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोडी छाटणी फळासाठी. त्यानंतर चार-पाच महिन्यांत घड पिकतात. म्हणजे पावसातली बुरशी टळते आणि थंडीचा फायदा मिळतो.

कधी जाल?
घड पाहायचे तर जानेवारी-फेब्रुवारी. पावसाळ्यात डोंगर हिरवे, गर्दी कमी, पण वेलींवर द्राक्षं नाहीत. टाक्या, ओकची पिंपं आणि टेस्टिंग तेव्हाही पाहता येतं. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक.

किती फिराल?
दिवसाला दोनच. गंगापूर धरणाजवळ सुला आणि यॉर्क जवळजवळ आहेत. इगतपुरीकडच्या ग्रोव्हर झाम्पा, व्हॅलोन यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवा. सकाळी टूर, मग जेवण, दुपारी दुसरी वायनरी. वीकेंडला बुकिंग आधीच करा आणि ड्राय डे तपासा.

परत कसे याल?
खरा प्रश्न हाच. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘टेस्टिंगचे घोट छोटेच असतात’ म्हणून चालत नाही, पाच-सहा घोटांची बेरीज होते. ट्रेनने नाशिकरोडला उतरून दिवसभराची टॅक्सी करा. स्वतःची गाडी नेणार असाल, तर कोण पिणार नाही हे घरातून निघतानाच ठरवा.