धर्माची गाय आणि जुनी मोटार

‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ ही म्हण आपण नेहमी घेणाऱ्याला ऐकवतो. फुकट मिळाले आहे ना, मग खोड काढू नकोस, असा तिचा रोख. गेल्या उन्हाळ्यात ठाण्याला नौपाड्यात मामांच्या घरी मला या म्हणीची दुसरी बाजू दिसली. प्रस्तुत लेखाला निमित्त तेच.

मामांकडे एक जर्मन बनावटीची आलिशान मोटार होती. २००६ साली धंदा तेजीत असताना घेतलेली, कातडी आसनांची, दार लावले की बाहेरचा आवाज बंद करणारी. तिच्यातून शिर्डीला गेलो होतो तेव्हा मला आपण कोणी राजपुत्र आहोत असे वाटले होते. पण मामा आता सत्तरीला टेकले, मुलगा पुण्याला गेला, आणि गाडी सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली पडून राहिली. जागा अडते म्हणून सेक्रेटरींची कुरकुर रोजची. दलालाला बोलावले, तर त्याने सांगितलेली किंमत मामांना अपमानासारखी वाटली. “त्यापेक्षा दान करतो,” ते म्हणाले, “एखाद्या वृद्धाश्रमाला देऊ. म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला उपयोगी पडेल.”

“अहो, एवढ्या बुटक्या गाडीत म्हाताऱ्यांना बसता-उठता येईल का, ते आधी स्वतःच्या गुडघ्यांना विचारा,” मामी म्हणाली.

तरी चौकशीचे काम माझ्याकडे आले. बदलापूरच्या बाजूला असलेल्या एका लहानशा वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांना मी फोन केला. मला वाटले होते, ते आनंदाने उडी मारतील. त्यांनी शांतपणे चार प्रश्न विचारले. गाडी किती वर्षांची? विमा केव्हापर्यंत आहे? सुटे भाग कुठे मिळतात? आणि चालवायला माणूस कोण देणार? मग म्हणाले, “रागावू नका, पण अशी एक गाडी आमच्याकडे आंब्याखाली उभी आहे. तिच्यावर कोंबड्या बसतात.” कोणा सज्जनाने मोठ्या भक्तिभावाने दिलेली ती गाडी. स्वयंपाकघरावर नवे पत्रे घालण्यासाठी जमवलेले पैसे तिच्या गिअरबॉक्सने खाल्ले, आणि त्या पावसाळ्यात स्वयंपाकघर गळत राहिले.

कठोपनिषदाच्या आरंभीची कथा आपल्यापैकी संस्कृतच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. नचिकेत्याचा बाप सर्वस्वदानाचा यज्ञ मांडतो आणि दक्षिणेला गाई काढतो त्या अशा, की ज्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूध देऊन झाले. पोराला ते पाहवत नाही. असल्या दानाने देणारा कुठल्या लोकी जाईल, ही शंका त्याच्या मनात येते आणि तेथून पुढची सगळी कथा घडते. नचिकेता दात मोजतो ते देणाऱ्याच्या बाजूने. मामांच्या मनात खोट नव्हती हे मी शपथेवर सांगेन. पण ती गाडी दान करण्याचा विचार दलालाने किंमत सांगितल्यावर सुचला, हेही खरेच.

मोटारीच्या दानाचे एक गाजलेले उदाहरण आपल्या शेजारच्या मुंबईतच घडलेले आहे. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय युखॅरिस्टिक काँग्रेससाठी पोप सहावे पॉल मुंबईस आले. भारतात आलेले ते पहिले पोप. या दौऱ्यात वापरण्यासाठी अमेरिकेतील भाविकांनी त्यांना एक पांढरी लिंकन कॉन्टिनेन्टल मोटार दिली होती. परत जाताना पोपनी ती मदर तेरेसांना देऊन टाकली. आता कलकत्त्याच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्या, दोन लुगड्यांत संसार आटोपणाऱ्या बाईंनी त्या लांबलचक मोटारीचे काय करायचे? त्यांनी ती वापरात आणली नाही, तिची सोडत काढली. तिकिटे विकून आलेला पैसा आसनसोलजवळच्या शांतिनगर या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीकडे वळवला. पोप ज्या आसनावर बसले त्या आसनाचे मोल बाजारातल्या किमतीपेक्षा वेगळे असते, हे त्या बाईंनी बरोबर ओळखले होते. तुमच्या-आमच्या मामांच्या आसनाला ते मोल नाही. पण गाडीचा पैसा करावा आणि पैशाचे काम करावे, हा हिशेब तोच.

आलिशान मोटार जुनी झाली की तिची किंमत उतरते, खर्च उतरत नाही. नवी असताना ती ज्या वर्गातली होती, त्याच वर्गाचे सुटे भाग, त्याच वर्गाचा कारागीर तिला लागतो. शिवाय कंपनी असेतो भाग मिळतात. डोंबिवलीकरांना हे वेगळे सांगायला नको. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियर कंपनीत नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ ही गाडी तयार होत असे. दशक संपण्यापूर्वीच ती फ्रेंच कंपनी येथून निघून गेली, आणि गाडी घेतलेले हौशी लोक पुढे एकेका भागासाठी वणवण फिरले. त्यात सरकारी खर्च वेगळा. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले आणि वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० झाले. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला उंच बुडाची साधी व्हॅन सोन्यासारखी वाटेल. मामांची मोटार पहिल्याच चढावर पोट घासत बसली असती.

आता कागदांकडे वळू. आपण कला शाखेची मंडळी कागदांना भितो, पण खरी गोम येथेच आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे दान पुरे होण्यासाठी घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते. म्हणजे ‘नको’ म्हणण्याचा हक्क संस्थेला कायद्यानेच दिला आहे. मोटार ही जंगम वस्तू, म्हणून तिचे दान नुसत्या ताबा देण्यानेही होऊ शकते. पण किल्ली दिली, हार घातला, फोटो काढला, एवढ्याने आर.टी.ओ.च्या दप्तरी काहीच बदलत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमानुसार, गाडी राज्यातच राहणार असेल तर देणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. त्यासाठीचे नमुने २९ आणि ३०. बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवावा. ठाण्याची ०४ क्रमांकाची गाडी कल्याणच्या ०५ च्या हद्दीत जाणार असेल, तर ना-हरकत दाखला लागेल का ते आधीच विचारून घ्यावे. विमा घेणाऱ्याच्या नावे करण्यासाठीही १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. फास्टॅगचे खाते बंद करायला लोक हमखास विसरतात, आणि मग दुसऱ्याच्या प्रवासाचा टोल आपल्या खात्यातून जातो.

हे सगळे न केल्यास काय होते? सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात त्याचे उत्तर दिले. एक गाडी एकामागून एक अशी कितीतरी हातांत गेली, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. पुढे तिच्याखाली सापडून एक मूल दगावले. गाडी आपण केव्हाच विकली होती, हे मालकाचे म्हणणे कामी आले नाही. दप्तरात ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची, असे न्यायालयाने ठरवले. विक्रीला जे लागू तेच दानालाही. तुम्ही पुण्य समजून गाडी द्याल आणि पाच वर्षांनी अपघाताची नोटीस तुमच्या दारी येईल.

कर वाचतो, असाही एक समज आहे. त्याचे मूळ बहुधा अमेरिकेत असावे. तिकडे जुनी मोटार संस्थेला देऊन करात सूट घेण्याची पद्धत जुनी; लोक खटाऱ्यांच्याही मनमानी किमती दाखवू लागले, तेव्हा २००४ च्या कायद्याने त्याला लगाम घातला. तेव्हापासून संस्थेने गाडी विकली तर साधारणपणे विक्रीत येईल तेवढ्याच रकमेची सूट. आपल्याकडे प्रश्नच उरत नाही. ‘ऐंशी-जी’ या नावाने सर्वांच्या तोंडी बसलेली सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. रोख दिले तर २,००० रुपयांपुढे तीही नाही, आणि नव्या करपद्धतीत गेलेल्यांना ती मुळीच नाही. म्हणजे मोटार दिली तर सूट शून्य; मोटार विकून धनादेश दिला तर, संस्था त्या सवलतीस पात्र असल्यास, काही तरी. कायद्यालाही जणू मदर तेरेसांचाच मार्ग पसंत आहे.

गाडी चालण्याच्या पलीकडे गेली असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत मोडीत-केंद्राकडे देऊन तिचे प्रमाणपत्र घ्यावे, नोंदणी रद्द करावी आणि आलेली रक्कम द्यावी. आणि गाडी धडधाकट असेल, संस्थेने आपणहून मागितली असेल, तर ती जरूर द्यावी. मात्र पहिल्या वर्षाचा विमा आणि एक नवी बॅटरी सोबत द्यावी, असे माझे प्रामाणिक मत आहे. लेकीची पाठवणी रिकाम्या हाताने कोणी करत नाही.

मामांना हे सारे पटायला दोन आठवडे लागले. पैशापेक्षा ‘माझी गाडी’ कोणाच्या तरी उपयोगी पडताना बघायची होती त्यांना. शेवटी डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त अशाच गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजवाल्याने ती घेतली, दलालापेक्षा थोडी बरी किंमत देऊन. नोंदणी त्याच्या नावे झाल्याची खात्री झाल्यावरच मामांनी धनादेश लिहिला आणि आम्ही दोघे लोकलने बदलापूरला जाऊन तो देऊन आलो. या पावसाळ्यापूर्वी स्वयंपाकघरावर पत्रे चढले.

परत निघताना व्यवस्थापकांनी आंब्याखालची ती गाडी दाखवली. मामांनी वाकून, काच पुसून आत पाहिले. मोडीत का काढत नाही, असे मी विचारले. तेव्हा कळले, की नाव अजून देणाऱ्याचेच आहे. ते गृहस्थ तीन वर्षांपूर्वी वारले, आणि वारसांपैकी एकाची सही परदेशातून यायची आहे.