मेगर चांगला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर चांगला?

"मेगर २००० आलाय, करा चार्ज!" कारखान्यांच्या यार्डात हे वाक्य इतक्या ठामपणे बोललं जातं की कुणाला पुढचा प्रश्नच सुचत नाही. चालता ट्रान्सफॉर्मर जळालेला असतो, उत्पादन थांबलेलं असतं आणि शेडमागे दोन पावसाळे पडून असलेला ११ केव्ही/४३३ व्होल्टचा स्पेअर घाईघाईने बाहेर निघतो. बुशिंग पुसायची, मेगर (इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) लावायचा, आकडा वहीत चढवायचा, स्विच ओढायचा. आकडा खरा असतो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो, आणि हा निष्कर्ष महाग पडतो.

पहिली गोष्ट, तापमानाशिवाय लिहिलेला मेगरचा आकडा निरुपयोगी आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशन रेझिस्टन्स ढोबळमानाने निम्म्यावर येतो. जानेवारीच्या पहाटे १५ अंशांना २००० मेगाओहम दाखवणारा ट्रान्सफॉर्मर मे महिन्यातल्या दुपारी, तेल ४५ अंशांना असताना, २५० च्या आसपास दाखवेल. दोन्ही वेळा तो तोच आणि तसाच आहे. वहीत मात्र तापमानाचा रकाना बहुतेकदा कोराच दिसतो!

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. साठवणीत शिरलेलं पाणी तेलात फारसं राहत नाही, ते वाइंडिंगवरच्या कागदात आणि प्रेसबोर्डात मुरतं. हिशेब करून पाहा. एखाद्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये १० टन तेल आणि १ टन कागद आहे असं धरू. तेलात १० पीपीएम पाणी म्हणजे फक्त १०० ग्रॅम. कागदात २ टक्के पाणी म्हणजे २० किलो. थंड तेल कोरडं असतं, मेगरच्या करंटला त्या तेलातूनही जावं लागतं, म्हणून कागद ओला असूनही आकडा दिमाखदार येऊ शकतो. तेलाच्या बीडीव्हीचं, म्हणजे ब्रेकडाऊन व्होल्टेज चाचणीचंही तेच. थंड तेलाचा नमुना पास होतो, आणि तोही वरून घेतलेला असेल तर तळाशी साचलेलं पाणी त्यात येतच नाही. नमुना तळाच्या व्हॉल्व्हमधूनच घ्यायचा, आधी थोडं तेल वाहू देऊन. पुढे लोड आला, तेल तापलं, की कागद पाणी सोडू लागतो आणि पास झालेलं तेल ऐन व्होल्टेजखाली नापास होतं.

तिसरी गोष्ट कुणी सांगतच नाही. मेगर लावताना एका वाइंडिंगचे सगळे वेढे एकाच व्होल्टेजवर असतात. एका वेढ्याचं दुसऱ्यापासूनचं इन्सुलेशन त्या चाचणीत तपासलंच जात नाही. दोन वेढे आत शॉर्ट असतील तरी मेगर उत्तम येईल. त्यासाठी रेशो, वाइंडिंग रेझिस्टन्स आणि मॅग्नेटायझिंग करंट या चाचण्या आहेत. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि तेवढा वेळ नसल्याची सबब मला पटत नाही.

बाकीचे समजही ऐकू येतात. "टाकी सीलबंद होती": गॅस्केट कडक होतात, आणि दिवसा तापून रात्री निवणारं तेल फटीतून दमट हवा आत ओढतं. "सिलिका जेल निळं आहे": गेल्या आठवड्यात बदललेलं जेल निळंच असणार, ते कागदाबद्दल काही सांगत नाही. "पीआय २ च्या वर आहे": पीआयची, म्हणजे पोलरायझेशन इंडेक्सची, २ ची ही कसोटी आयईईई ४३ मधली, म्हणजे मोटर-जनरेटरसारख्या फिरत्या यंत्रांची. तेलाच्या ट्रान्सफॉर्मरला ती तशीच लावता येत नाही. "नो-लोडवर ठेवला की आपोआप सुकतो": नो-लोडलाही इन्सुलेशनवर व्होल्टेज पूर्ण असतं, लोडने वाढतो तो करंट. आणि उलट बाजूचा गैरसमज, "मेगर कमी, म्हणजे गेला": बुशिंगवरची धूळ आणि दव आकडा पाडतात. पुसा, गार्ड टर्मिनल जोडा, पुन्हा घ्या.

मग मेगर टाकून द्यायचा का? मुळीच नाही. कंपनीच्या टेस्ट रिपोर्टशी, त्याच तापमानाला आणून, तुलना केली तर तो बरंच सांगतो. एचटी-अर्थ, एलटी-अर्थ, एचटी-एलटी अशी तिन्ही रीडिंग घ्यावीत, आणि प्रत्येक रीडिंगनंतर वाइंडिंग अर्थ करून नीट डिस्चार्ज करावं, कारण उरलेला चार्ज माणसाला जोराचा झटका देऊ शकतो.

मेगर सर्वात उपयोगी पडतो तो सुकवताना. फिल्टर मशीनवर गरम तेल फिरवायला सुरुवात केली की आकडा आधी घसरतो, कारण आतलं तापमान चढतंय. इथेच लोक घाबरून मशीन बंद करतात. पुढे तो तळाशी रेंगाळतो, कागदातलं पाणी निघत जातं तसा त्याच तापमानाला चढू लागतो. दर तासाला तेलाच्या तापमानासह रीडिंग लिहीत राहायचं आणि चढलेला आकडा बरेच तास एका जागी ठरल्यावरच मशीन थांबवायचं.