पस सेल्स आहेत, जंतू नाहीत

लघवीत पस सेल्स भरपूर, कल्चरवर मात्र ‘नो ग्रोथ’. प्रयोगशाळेत असा रिपोर्ट हातात आला, की मी पेशंटची जुनी फाइल मागवते. बहुतेकदा त्यात तेच असतं: जळजळ, रात्रीतून वारंवार उठणं, कधी लघवीतून रक्त आणि दर वेळी अँटिबायोटिकचा नवा कोर्स. नेहमीच्या प्लेटवर साधे जंतू एक-दोन दिवसांत वाढतात. मूत्रपिंडाच्या क्षयाचा जंतू मात्र तिथे उगवतच नाही. लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक आधी पोटात गेलेलं असेल, तर तो अर्धवट दबतो, पेशंटला जरा बरं वाटतं आणि निदान आणखी लांबतं. याचा मला फार राग येतो.

निम्मं काम नमुना घेण्यातच आहे. “मावशी, पहाटेची पहिली लघवी हवी. सगळी, या मोठ्या डब्यात. असं सलग ३ दिवस आणायचं.” त्या संकोचतात, पदराआड डबा धरून येतात. पण मूत्रपिंडातून जंतू थोडे थोडे, थांबून थांबून उतरतात. रात्रभर साठलेल्या लघवीत ते सापडायची आशा जास्त. ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ घ्यायचा. स्लाइडवर जंतू क्वचितच दिसतात आणि दिसले तरी जपून बोलावं लागतं, कारण तोच रंग धरणारे, पण क्षयाचे नसलेले जंतूही लघवीत असू शकतात. सीबीनॅट हे जनुकीय चाचणीचं यंत्र सुमारे २ तासांत उत्तर देतं, क्षयावरचं रिफाम्पिसिन लागू पडेल का तेही सांगतं. ते निगेटिव्ह आलं तरी मी कल्चर लावतेच, मग त्यासाठी ६ ते ८ आठवडे थांबावं लागलं तरी चालेल.

औषधं साधारण ६ महिने: पहिले २ महिने ४, नंतर ३. सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. ते रक्त समजून कुणी गोळ्या सोडू नयेत म्हणून आधीच सांगायचं.

खरा धोका मात्र बरं वाटू लागल्यावर असतो. क्षयाची जखम भरताना मूत्रवाहिनी आवळत जाते, लघवी वर तुंबते, मूत्रपिंड फुगतं. जळजळ थांबलेली, वजन वाढतंय, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. ती अडचण वेळेवर दिसली, तर स्टेंट घालून मूत्रपिंड वाचवता येतं. म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सोबतच्या नातेवाइकाला मी आधी एवढंच विचारते: पुढच्या सोनोग्राफीची तारीख घेतलीत का?