विजेवरची स्कूटर घेताना



पेट्रोलचा खर्च वाचावा म्हणून पेडणे व डिचोली तालुक्यांतील अनेक पालक विजेवरच्या स्कूटरविषयी विचारणा करतात. विचार स्तुत्य आहे. परंतु रंग व किंमत पाहण्यापूर्वी थोडा हिशेब करावा.

पहिली गोष्ट अंतराची. डिचोलीहून पणजीस जाऊन-येऊन सुमारे ६० किलोमीटर होतात. कंपनी एका चार्जिंगमध्ये १०० किलोमीटर सांगत असेल, तर तो आकडा चाचणीतला असतो. रस्त्यावरचे चढ, वेग व मागे बसलेला माणूस यांमुळे त्यात ३० टक्के घट धरावी. राहिले ७०. पुढे काही वर्षांनी बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर आली, की ५६ किलोमीटरच उरतात आणि गाडी घराच्या अलीकडेच थांबते. म्हणून रोज एवढा प्रवास करणाऱ्याने किमान १२० किलोमीटर सांगितलेली गाडी घ्यावी. मोपाच्या पठारावर विमानतळाकडे कामाला जाणाऱ्यांनी चढाचाही विचार करावा.

दुसरी गोष्ट बॅटरीची. मार्च २०२२ मध्ये तामिळनाडूतील वेल्लोर येथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरला रात्री आग लागून धुराने वडील व मुलगी दगावली. त्याच महिन्यात पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली. त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. ‘एआयएस-१५६’ हे सुधारित मानक डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. जुनी गाडी घेणार असाल तर ती त्यानंतर बनलेली आहे का, हे अवश्य पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी बॅटरीला ‘आयपी-६७’ दर्जा असावा. तरीही तुंबलेल्या पाण्यात गाडी घालू नये.

चार्जर कंपनीचाच वापरावा, प्लगला अर्थिंग असावे आणि झोपण्याच्या खोलीत वा दाराच्या वाटेत चार्जिंग करू नये. दुरुस्ती केंद्र म्हापसा-डिचोलीसारख्या जवळच्या ठिकाणी आहे का आणि बॅटरीची हमी किती वर्षांची, हे लेखी घ्यावे.

शेवटी एक विनंती. २५० वॅटपर्यंतच्या व ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या गाडीला परवाना लागत नाही, म्हणून ती मुलांच्या हाती देण्याचा मोह होतो. परंतु महामार्गावरचा ट्रक गाडीचे वॅट पाहत नाही. याहून मोठी गाडी परवान्याविना अल्पवयीनाने चालवून गुन्हा घडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकांना २५ हजार रुपये दंड व ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेत येण्यासाठी तूर्त बस व सायकलच बरी.

आपला,
मुख्याध्यापक