कात्रजचें पाणी व भीमेचा कांठ

भीमेच्या उत्तर तीरावर, शिरूर तालुक्याच्या दक्षिण सीमेस, वडगांव रासाई हें गांव आहे. पलीकडच्या तीरावर दौंड तालुका लागतो. सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार कोसळणारा पाऊस पूर्वेकडे झपाट्यानें कमी होत जातो व या टापूंत वर्षाकांठीं सुमारें ५०० मिलिमीटरच उरतो. तोहि वेळेवर पडेल असा भरंवसा नाहीं. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ इतिहासांत नमूद आहे, आणि १९७२ चा तर आमच्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिला. तथापि नदीकांठच्या गांवांस एक आधार असे. पात्र आटलें तरी वाळूंत झिरा उकरावा, क्षणभर थांबावें, आणि निवळलेलें पाणी वाटीनें घागरींत भरावें, ही रीति कांठच्या लोकांच्या अंगवळणीं पडलेली होती.

आज चैत्रांतहि पात्रांत पाणी दिसतें. परंतु तें काळसर असून त्यावर जलपर्णीचा थर असतो. वाळू उपशामुळें पुष्कळ ठिकाणीं गेली, व तिच्याबरोबर झिराहि गेला. पाणी आहे, पण तें तोंडांत घेववत नाहीं, असा हा नवा दुष्काळ होय. त्याचें कारण शोधूं जातां आम्हांस पुण्याच्या जुन्या जलव्यवस्थेकडे वळावें लागतें. कारण पुण्यानें वापरलेलें पाणी मुळामुठेच्या वाटेनें भीमेंत उतरून याच कांठानें पुढें जातें.

पुणें मुठेच्या तीरावर असलें तरी उन्हाळ्यांत नदी क्षीण होई, आणि पेशव्यांच्या वाढत्या राजधानीस तेवढ्यानें भागेना. म्हणून बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब यांनीं इ. स. १७५० च्या सुमारास शहराच्या दक्षिणेस कात्रज येथें आंबील ओढ्यास बांध घातला, व तेथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून चुनेगच्ची नळ आणला. हें अंतर आठ-नऊ किलोमीटरांचें आहे. पाणी वर चढविण्याचें कोणतेंहि यंत्र त्यांत नव्हतें. तें केवळ उताराच्या बळावर चाले. उतार फार ठेवावा तर प्रवाह बांधकाम खरवडतो, कमी ठेवावा तर गाळ बसतो. या दोहोंमधील प्रमाण साधणें हेंच त्या कारागिरांचें कौशल्य.

नळ इतका प्रशस्त आहे कीं माणसास आंत उतरून चालतां यावें. त्यावर अंतराअंतरानें विहिरीसारखीं उभीं तोंडें ठेविलीं आहेत. लोक त्यांस ‘उसासे’ म्हणतात. संस्कृत ‘उच्छ्वास’ शब्दाचेंच हें रूप. त्यांतून आंतली कोंडलेली हवा बाहेर पडे, गाळ काढणारास उतरतां येई, आणि नळ कोठें तुंबला याचा शोध लागे. वाटेंत पाणी लहान हौदांत संथ होऊन निवळे व मग पेठांतील हौदांत जाई. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद हीं नांवें पुणेकरांच्या तोंडीं अद्याप आहेत. पुढें नाना फडणविसांनीं नऱ्हे-आंबेगांवाकडून, व रास्त्यांनीं कोंढव्याकडून असेच नळ आणविले.

या हौदांचा एक गुण सहसा लक्षांत घेतला जात नाहीं. हौदांतील पाणी घागरीनें उपसावें व डोक्यावरून न्यावें लागे. अर्थात् ज्याच्या त्याच्या श्रमानेंच वापरास मर्यादा पडे. वापर थोडा, म्हणून सांडपाणीहि थोडें; त्यांतलें बरेंचसें परसांतील अळूकेळींतच जिरे. त्या काळीं नदींत घाण जातच नसे असें आमचें म्हणणें नाहीं. नदीस ती पचविणें शक्य होतें, इतकेंच.

१८७९ सालीं खडकवासल्याचें धरण पुरें झालें. त्यानें पुणें शहरास व लष्करास पाणी दिलें, आणि कालव्यानें दौंडकडील कोरडवाहू शिवारहि भिजविलें. हा उपकार विसरतां येण्याजोगा नाहीं. पुढें पानशेत, वरसगांव व टेमघर यांची भर पडली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटून पुण्यावर प्रलय ओढवला, तरी शहराची वाढ थांबली नाहीं. नळ घराघरांत आला व श्रमाची मर्यादा नाहींशी झाली. परंतु आणलेल्या पाण्याच्या मानानें सोडलेलें पाणी शुद्ध करण्याची तजवीज झाली नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकीं ५३ एकट्या महाराष्ट्रांत होते, आणि त्यांत मुळामुठा व भीमा या दोन्ही नद्या होत्या.

येथें मरुभूमींतील नगरांची रीति ताडून पाहण्याजोगी आहे. जैसलमेर शहर चवदाव्या शतकापासून गडीसर तलावावर जगलें. ज्या माळावरून पावसाचें पाणी त्या तलावांत उतरे, त्यास तिकडे ‘आगोर’ म्हणतात. आगोरांत घाण करणें निषिद्ध असून तो स्वच्छ राखणें हें सर्वांचें कर्तव्य मानलें जाई. याचें कारण उघड आहे : तेथें केलेली घाण फिरून आपल्याच घागरींत येणार. नदीकांठच्या शहरास ही जाणीव राहत नाहीं; त्याची घाण वाहून जाते, आणि ‘गेली’ असें त्यास वाटतें. ती कोठें गेली, हें खालच्या गांवास विचारावें.

या भागांत भीमेवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरतांच त्यांत ढापे बसवून पाणी अडवितात व पुढल्या पुरापूर्वीं ते काढतात. या अडविलेल्या पाण्यानेंच उंसाचे मळे उभे आहेत. परंतु जें पाणी अडतें, त्यांतील मळहि तेथेंच अडतो. ज्या बांधानें शेतकरी तरला, त्याच्याच फुगवट्यांत त्याची पिण्याच्या पाण्याची अडचण साठून राहिली, ही गोष्ट दोन्ही अंगांनीं पाहिली पाहिजे.

आमच्या धर्मशास्त्रांत विहीर व तळें बांधणें यांस ‘पूर्त’ म्हटलें आहे, आणि तळें बांधून झाल्यावर ‘उत्सर्ग’ नांवाचा विधि सांगितला आहे. बांधणारानें आपली मालकी सोडून तें जल सर्व प्राण्यांस द्यावें, असा त्याचा आशय. मनुस्मृतीच्या चवथ्या अध्यायांत पाण्यांत मलमूत्र टाकण्याचा निषेधहि आहे. मौज अशी कीं ‘उत्सर्ग’ या एकाच शब्दाचे दान व मलत्याग असे दोन्ही अर्थ होतात. वरचें नगर खालच्या गांवासाठीं पाणी सोडतें, तो उत्सर्ग कोणत्या अर्थाचा, एवढाच आजचा प्रश्न आहे.

जलरक्षण म्हणजे पाणी आणणें व सांठविणें इतकेंच समजण्याची आपणांस संवय झाली आहे. आणणें, राखणें व शुद्ध करून सोडणें, हीं तिन्ही मिळून एकच कर्म होय. त्यांतील तिसरें अंग लंगडें असतां पहिलीं दोन खालच्या गांवास उपकारक न होतां अपकारक होतात. कात्रजच्या नळावर अभ्यासकांनीं पुष्कळ श्रम केले आहेत. आतां त्यांनीं नदीच्या धारेबरोबर खालीं यावें, व कांठच्या गांवांतील जुने घाट, बारवा व झिऱ्यांच्या जागा तेथील वृद्धांस विचारून टिपून ठेवाव्या, अशी आमची विनंति आहे. वाटीनें घागर भरलेलीं माणसें अजून सांपडतात. आणखी दहा-वीस वर्षांनीं सांपडणार नाहींत. इत्यलम्.