संकेतस्थळावरील स्वामित्वहक्क-भंगाची तक्रार : पडताळणी व कार्यवाही

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यास ग्रंथनिर्मितीची दीर्घ परंपरा लाभली आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये (इ.स. १२९०) नेवासे येथे सिद्ध झाली. अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध असताना पंडित नेहरूंनी १९४४ साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला, तर मौलाना आझाद यांच्या 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रेही तेथेच लिहिली गेली. असे साहित्य एखाद्या महाविद्यालयाने आपल्या संकेतस्थळावर ठेवले आणि 'यावर आमचा हक्क आहे, ते काढून टाका' अशी तक्रार आली, तर काय करावे? भयापोटी मजकूर तत्काळ काढल्यास वाचक मुक्त ग्रंथास मुकतो. तक्रार दुर्लक्षिल्यास खऱ्या हक्कदारावर अन्याय होतो. या दोहोंमधील कायदेशीर मार्ग स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हक्क अस्तित्वात आहे काय?

स्वामित्वहक्क (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. आझाद यांचे निधन १९५८ मध्ये झाले. म्हणून त्यांच्या या ग्रंथावरील हक्क भारतात २०१८ अखेर संपला. नेहरूंचे निधन १९६४ मध्ये झाले. त्यांच्या ग्रंथावरील हक्क २०२४ अखेर संपला. ज्ञानेश्वरीच्या मूळ ओव्या तर सर्वांच्याच आहेत. तथापि, या ग्रंथांचे अलीकडील अनुवाद, संपादकाची प्रस्तावना व टीपा या स्वतंत्र कृती होत. त्यांवरील हक्क स्वतंत्रपणे मोजावा लागतो. यास्तव तक्रार ग्रंथाच्या नेमक्या कोणत्या भागाविषयी आहे, हे प्रथम पाहावे.

मजकूर कोणी ठेवला?

संस्थेने स्वतः प्रसिद्ध केलेल्या मजकुराची जबाबदारी संस्थेचीच असते. तेथे तिला 'मध्यस्थ' म्हणून संरक्षण मागता येत नाही. आपल्याजवळील छापील प्रतीची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना २०१२ च्या दुरुस्तीने दिली. परंतु जतन करणे म्हणजे सर्वांसाठी खुले करणे नव्हे. मजकूर त्रयस्थ वापरकर्त्याने चढविला असल्यास मात्र माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७९ लागू होऊ शकते. 'मायस्पेस' प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये असे मानले, की मध्यस्थास उल्लंघनाचे नेमके ज्ञान असावे लागते. मोघम जाणीव पुरेशी नाही.

तक्रारीची कार्यवाही

स्वामित्वहक्क नियम, २०१३ मधील नियम ७५ या बाबतीत मार्गदर्शक आहे. त्यानुसार तक्रार लेखी असावी व तीत पुढील तपशील असावेत : (१) कृतीची ओळख पटविणारे वर्णन, (२) तक्रारदाराच्या हक्काचा आधार, (३) ती प्रत उल्लंघन करणारी असून कलम ५२ च्या अपवादांत बसत नाही, हे दर्शविणारी माहिती, (४) मजकुराचे नेमके ठिकाण, (५) ज्ञात असल्यास मजकूर चढविणाऱ्याचा तपशील, (६) सक्षम न्यायालयात दावा दाखल करून २१ दिवसांत आदेश सादर करण्याची हमी.

या तपशिलांवरून समाधान झाल्यास ३६ तासांच्या आत प्रवेश रोखावा आणि तो मजकूर मागणाऱ्यास त्याचे कारण दर्शवावे. तक्रार मिळाल्यापासून २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर न झाल्यास प्रवेश पूर्ववत खुला करता येतो. म्हणजेच हक्काचा अंतिम निवाडा संकेतस्थळाचा चालक नव्हे, तर न्यायालय करते.

निष्कर्ष

प्रत्येक संस्थेने तक्रारीसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी, तक्रार मिळाल्याची तारीख व वेळ नोंदवावी आणि प्रत्येक ग्रंथाबरोबर लेखकाचे मृत्युवर्ष, अनुवादक, आवृत्ती व परवानगीपत्र यांची नोंद ठेवावी. ही नोंद आधीपासून असेल, तर ३६ तासांचा अवधी पुरेसा ठरतो. नसेल, तर निर्णय कायद्याने न होता धास्तीने होतो.