उसनं, उधार, कर्ज आणि उचल

परवा शेजारची सहावीतली मुलगी इंग्रजीची वही घेऊन थेट स्वयंपाकघरात आली. "काकू, 'बॉरो' आणि 'लेंड'मध्ये फरक काय हो? माझं वाक्य चुकलं म्हणे." तिनं लिहिलं होतं, 'प्लीज बॉरो मी युवर पेन.'

कणीक मळता मळता मी सांगितलं, "घेणाऱ्यानं बॉरो करायचं, देणाऱ्यानं लेंड. पेन देणार समोरची, म्हणून 'लेंड मी'." तिनं लगेच विचारलं, "पण आपल्यात तर दोन्हीकडे उसनंच असतं ना?"

खरंच की! आपण उसनं घेतो आणि उसनंच देतो. बाजू कोणती, ते 'घेणं-देणं' सांगतं. म्हणून मुलांचा तिथे हमखास गोंधळ होतो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, तेव्हा आम्हीही तिथेच अडखळायचो. 2000 सालापासून ते पहिलीपासून सुरू झालं, तरी अडखळण्याची जागा तीच राहिली!

गंमत म्हणजे दुसरीकडे आपली भाषा जास्त बारकाईनं बोलते. पेन असो, वाटीभर साखर असो की बँकेचे पैसे, इंग्रजीत सगळं 'बॉरो'च. आपण मात्र पेन लिहायला मागून घेतो, कारण तेच परत द्यायचं असतं. साखर उसनी आणतो. तीच परत जात नाही, तेवढीच जाते, आणि शहाणी बाई वाटी जरा शिगोशीग भरूनच देते. दुकानातून माल उधार आणतो, वहीत मांडतात. लग्नाला मोठी पातेली आणली तर ती भाड्याची. आणि व्याज लागलं, कागदावर सही झाली, की ते कर्ज.

आपल्या बीड जिल्ह्यात आणखी एक शब्द आहे, उचल. गटाच्या बैठकीत एका ताईला मी विचारलं, "कर्ज आहे का काही?" ती म्हणाली, "नाही ताई, कर्ज कशाचं? उचल घेतलीय फक्त."

मैत्रिणींनो, या 'फक्त'पाशी मी थांबले. ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीसाठी, म्हणजे एका कोयत्यासाठी, रक्कम घेतात. बोलणी बहुतेक पुरुषच करतात. फेडतात मात्र दोघं, तीही ऊस तोडून, मोळ्या बांधून, वाहून. हंगाम संपला आणि हिशेबात बाकी निघाली, तर ती पुढच्या वर्षी अंगावर. खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून बाई दुखणंही अंगावर काढते. 2019 मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीच्या अहवालात जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यामागची कारणं अनेक आहेत, पण खाड्याची धास्ती त्यातलं एक आहे.

नोकरदार माणूस पगारातून 'अ‍ॅडव्हान्स' घेतो, तशीच उचल, असं कुणी म्हणेल. पण नोकरदाराला पगार किती, कापले किती, राहिले किती हे माहीत असतं. उचलीत हा हिशेब बाईला कोण सांगतं? 'उचल' म्हटलं की कुणी दिलं, कुणी घेतलं, काही दिसतच नाही. नुसतं उचललं!

कायदा मात्र नावावर जात नाही. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानुसार, आगाऊ रकमेपोटी माणसाला दुसरीकडे काम करायची मोकळीक उरली नाही किंवा किमान वेतनही मिळालं नाही, तर ती वेठबिगारी ठरते आणि ते देणंच रद्द होतं. दाद जिल्हाधिकाऱ्यांकडे मागता येते.

त्या ताईला मी शंभर पानी वही दिली. तिची लेक आठवीत आहे. म्हटलं, लेकीकडून लिहून घे: रक्कम किती, तारीख कोणती, रोज किती टन तोडला, खाडे किती, बाकी किती. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन आली. पहिल्या पानावर लेकीनं ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'आईचा हिशेब'.

उसनं असो की उचल, घेताना चार प्रश्न विचारायचे: कुणाच्या नावावर, किती, कधीपर्यंत आणि फेडणार कोण? शेजारच्या मुलीचं वाक्य मी खोडरबरानं पुसून सुधारलं. अंगावरची बाकी तशी पुसली जात नाही, ती आधी लिहूनच ठेवावी लागते.